मामूंच्या देगेचं झाकण

जवळ सरका जरा. एवढ्या लांब, उंबऱ्यापाशी बसून कसं चालेल? आणि तो हातातला फोन ठेवा आधी. पाहुणे म्हणून येता आणि अर्धा जीव त्या फोनमध्ये. चहा निवून गेला तरी पत्ता नाही. आमचे मामू असते ना, तर त्यांनी काही न विचारता तो तुमच्या हातातून काढून घेतला असता, आत नेऊन ज्वारीच्या पिठाच्या डब्यात घातला असता, वरून झाकण दाबून बसवलं असतं, आणि मग हात झटकत म्हणाले असते, "हां. अब बोलो."

हसा, हसा. आम्हीपण हसायचो. एकदा माझाच फोन पिठात असताना वाजला. डबा घुमायला लागला. सुनेनं घाईघाईनं काढला तर फोन पांढराफट, आणि सुनेच्या नाकाला पीठ. सगळे हसले. मामू मात्र हसले नाहीत. आत कुणी माणूस बसलाय आणि ऐकतोय, असे ते त्या डब्याकडे बघत राहिले.

हे शेवटच्या काळातलं. त्याआधीचे मामू तुम्ही बघायला पाहिजे होते.

नाव मी सांगत नाही. गल्लीत त्यांना नावानं हाक मारणारं कुणी नव्हतंच, लहानथोर सगळ्यांचे ते मामू. इतवाऱ्याच्या अलीकडं आमची गल्ली, तिथं त्यांचं पणज्यापासूनचं घर. धंदा देगींचा. देग म्हणजे ते तांब्याचं मोठं भांडं, आत माणूस बसेल एवढं. लग्न असो, अकीका म्हणजे त्यांच्यातलं बाळाचं जावळ असो, बारसं असो, मामूंची देग चढली की ते घर निर्धास्त. नांदेडातच नाही, हदगाव, उमरी, पार धर्माबादपर्यंत त्यांना बोलावणं असायचं.

त्यांचं झाकण उघडणं हा एक सोहळा होता. देगेचं तोंड कणकेनं लिंपलेलं, वर निखारे. मामू निखारे बाजूला ओढायचे, उलथन्यानं कणीक फोडायचे, खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसायचे, टोपी नीट करायचे. आणि उजवा तळहात त्या तापलेल्या झाकणावर टेकवायचे. आम्हाला वाटायचं, आता भाजला हात. कुणी पुढं झालं तर म्हणायचे, "ठैरो. पैले उसका नाम." मग गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात बिस्मिल्लाह म्हणायचे आणि झाकण उचलायचे.

तो आवाज आला की पोरं जिथं असतील तिथून पळत यायची. जेवायला चला म्हणून कुणाला बोलवावं लागायचं नाही. माझा धाकटा लहानपणी घरातल्या कुकरचं झाकण काढलं तरी तसाच ओरडायचा, आणि माझ्या सासूबाई कपाळाला हात लावायच्या.

त्याच सासूबाई. माझ्या लेकीच्या लग्नात मामूंनी बगारा खाना, म्हणजे खड्या मसाल्याचा भात, आणि दुधी घातलेलं आंबट वरण, दालचा, केला होता. आमच्यासारख्यांसाठी त्यांच्या देगी वेगळ्या असायच्या, त्यात मटण कधी शिजलं नाही. तरी सासूबाई चुलीपाशी खुर्ची टाकून बसल्या, राखण करायला. मी काही इथलं जेवणार नाही, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून ठेवलं होतं. मामूंनी त्यांच्या पद्धतीनं नाव घेतलं, आणि झाकण न उचलता तसेच थांबले. माझ्याकडं वळून म्हणाले, "आक्का, माझं झालं. आता तुमच्या देवाचं बी नाव घ्या, मग उघडतो." मी तोंड उघडायच्या आत सासूबाईच खुर्चीतून ओरडल्या, "अन्नपूर्णे." आणि जेवायला पहिल्या पंगतीला बसल्या. भात मागून घेतला.

आणखी एक त्यांचं होतं. प्रत्येक देगेतली पहिली प्लेट घरच्या कुणाला नाही, नवरदेवालाही नाही. ती रस्त्याची. रस्त्यानं जो जात असेल त्याच्या हातात द्यायची, जात विचारायची नाही, भूक आहे का तेही विचारायचं नाही. एकदा आमच्या मांडवामुळं रस्ता अडला म्हणून नगरपालिकेचा माणूस भांडायला आला होता. मामूंनी त्याच्याच हातात प्लेट ठेवली. तो आधी प्लेटकडं बघतो, मग मांडवाकडं बघतो. जेवला, हात धुतला आणि मांडव जरा आत घ्या असं पुटपुटत गेला. सरकारशी आमच्या मामूंचा व्यवहार एवढाच होता बघा. त्यांना वाटायचं सगळीकडं असंच असतं.

मग केटरर्सवाले आले. गॅसच्या शेगड्या, चकचकीत भांडी, टोप्या घातलेले वाढपी. मामूंच्या देगी भिंतीला पालथ्या पडल्या. त्याच सुमाराला माझी नात लातूरला क्लास करून करून थकली, इथं काही तिला डॉक्टरीची सीट मिळाली नाही. मग आजकाल जातात तशी ती परदेशी गेली शिकायला. लातूरचाच एक जण पोरांना तिकडं पाठवायचं काम करतो. आपल्याकडच्या पोरांना तिथलं जेवण उतरेना, म्हणून त्याला खानावळीसाठी आचारी हवा होता. त्यानं मामूंना विचारलं आणि मामू तयार झाले. म्हणाले, "देग हाय तिथं माझं घर हाय, आक्का."

देश कोणता ते मी सांगणार नाही. का ते कळेल.

पहिले काही महिने ते फार खुशीत होते. तिथलं हवामान, तिथले डोंगर, हे सगळं सोडून सांगायचे काय, तर तिथंही देगेला देगच म्हणतात. नान म्हणजे नान, नमक म्हणजे नमक. लोकही बहुतेक मुसलमान. मामूंना वाटलं, आपण मावशीच्या गावाला आलो.

मग एकदा रस्त्यात शिपायानं अडवलं आणि चौकीत नेलं. तिथं त्यांच्यासारखे आणखी दोघेचौघे बसवलेले. न्हावी आला आणि ओळीनं सगळ्यांच्या दाढ्या उतरवल्या. दाढी ठेवायची नाही, असं तिथल्या सरकारचं म्हणणं. त्या दिवशी मामूंनी घरी व्हिडीओ कॉल केला तर भाभी, म्हणजे त्यांच्या घरच्या, ओरडून म्हणाल्या, कोण आहे हा मेला, माझ्या नवऱ्याचा फोन याच्याकडं कसा? आम्ही चार बाया तिथंच होतो. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळानं बघितलं तर भाभींच्या डोळ्यांतलं पाणी थांबतच नव्हतं.

पुढं माझी नात सांगायची ते ऐकून आम्हाला खरं वाटायचं नाही. मशिदीत कुणी जायचं आणि कुणी नाही हे सरकार ठरवणार. शाळेतल्या पोरांनी जायचंच नाही. तिथला मौलवी सरकारनं दिलेला कागद वाचणार. घरात मयत झाली तर जेवायला किती माणसं बोलवायची, दुवा करायची की नाही, त्याचीसुद्धा परवानगी. आणि हे फक्त त्यांच्याच धर्मापुरतं नाही. पोरींनी खोलीत वीतभर गणपती बसवला होता. होस्टेलची देखरेख करणाऱ्या बाईनं बघितलं आणि सांगितलं, हे संध्याकाळपर्यंत इथून गेलं पाहिजे, नाहीतर तुम्ही जाल.

पोरी रडत खानावळीत आल्या. मामूंनी काय करावं? गणपती तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवला. सोंड वर राहील असा. रोज दुपारी एकेक पोरगी डाळ निवडायला म्हणून कोठीत जायची, झाकण काढून हात जोडायची आणि मूठभर डाळ घेऊन बाहेर यायची. नात म्हणते, त्या आठवड्यात एवढी डाळ निवडली गेली की सगळ्यांना रोज वरणच. विसर्जन धुण्याच्या बादलीत झालं. कुणाला कळलं नाही.

तिथंच मामूंना वाटलं असणार, की जमतं.

त्यांच्या खानावळीत भांडी घासायला एक म्हातारी होती, तिथलीच. मामू तिला बडी बी म्हणायचे. ती मामूंना काय म्हणायची ते नातीलाही नीट कळलं नाही, पण हाक मायेची होती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. देग, नान, नमक, एवढ्या शब्दांवर दोघं तासन्तास बोलायचे.

त्या बडी बीचा नवरा वारला. घाईनं माती दिली. चाळीसावा दिवस जवळ आला तसं तिनं परवानगी मागितली, आणि मिळाली नाही. आपल्याकडं मुसलमानांत चाळीसाव्याला जेवण घालतात, गेलेल्याच्या नावानं फातिहा, म्हणजे दुवा, वाचतात, तसंच तिथंही आहे. म्हणजे होतं. ती फक्त घासलेलंच पातेलं पुन्हा पुन्हा घासायला लागली. मामू म्हणाले, "तिच्या मनात एकच बसलं होतं आक्का, की माझा माणूस उपाशी गेला."

मग मामूंनी बेत केला. त्या दिवशी पोरांचं दुपारचं जेवण म्हणून पुलावाची देग चढवायची, नेहमीपेक्षा मोठी. बडी बीची माणसं दोघं दोघं करून मागच्या दारानं येतील, कांदे-गाजरं पोचवायला आल्यासारखी. कोठीत जेवतील आणि जातील. कुणी हात उचलायचे नाहीत, कुणी तोंडानं काही म्हणायचं नाही. ज्यानं त्यानं मनात म्हणायचं. मामूंनी सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून समजावलं. माणसं आली. भिंतीला टेकून गप्प बसली. मामूंनी निखारे ओढले, कणीक फोडली, टॉवेलनं तोंड पुसलं.

आणि झाकणावर हात ठेवला.

तुम्हाला कळलं ना काय झालं? मला त्यांनी सांगितलं तेव्हा मी मध्येच म्हटलं, नका सांगू पुढं.

"मी बोललो न्हाई, आक्का," ते म्हणाले. "ते निघालं. लहानपणापासून हात ठेवला की निघतं, ते निघालं."

सगळ्यांना गप्प राहा म्हणून सांगणारा माणूस तो, आणि त्याचाच आवाज. तोही कसला, आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. मग बडी बीनं दोन्ही तळवे वर केले. तिच्या मागोमाग सगळ्यांनी केले. एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं फातिहा म्हणायला सुरुवात केली आणि बडी बी रडायला लागली, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा, गळा काढून. मामू म्हणाले, एवढं सुंदर रडणं मी ऐकलं न्हाई. तेवढ्यात दार उघडलं. होस्टेलची ती बाई दारात उभी होती. तिनं सगळ्यांकडं बघून घेतलं आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी सरकारचे लोक आले. देगेत अर्धा पुलाव होता. तो अंगणातल्या गटारात ओतायला लावला. मग बडी बीला म्हणाले, देग घास. ती बसली घासायला आणि ते उभे राहिले बघत. तिनं आतून घासली, बाहेरून घासली, पालथी घातली. हात धुतले. मग तिला गाडीत बसवून घेऊन गेले.

मामूंना विमानात बसवून दिलं. परदेशी माणूस, त्याचं एवढ्यावर भागलं.

घरी आले तेव्हा आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. पोटाचं दुखणं म्हणून परत आलो, असं सांगितलं. दाढी पुन्हा वाढवली, ती पार पांढरी आली. बक्करगल्लीत कुणाच्या तरी नातवाचा अकीका होता, तिथं देग चढवली. मी मुद्दाम गेले, आवाज ऐकायला. मामूंनी निखारे ओढले, कणीक फोडली. हात झाकणाकडं नेला आणि मागं घेतला. आधी दाराकडं बघितलं. मग चोर जसा कपाट उघडतो तसं झाकण बाजूला सरकवलं.

पोरं आलीच नाहीत. बाहेर खेळत राहिली. भात निवायला लागला तेव्हा कुणीतरी हाका मारून आणली.

तेव्हापासून ते असंच. लोक म्हणायचे मामू थकले. मी एकदा त्यांना घरी बोलावून सरळ विचारलं, आवाज कुठं ठेवून आलात? त्यांनी आधी माझा फोन उचलला आणि पिठाच्या डब्यात घातला. मग सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "माझ्या जिभेनं तिला नेलं, आक्का. आता त्या नावाला मी तोंड कसं लावू?"

मी म्हटलं, देवाचं नाव घेणं हा गुन्हा नाही. ते म्हणाले, हे तुम्ही मला कशाला सांगता, त्यांना सांगा.

पण सांगणार कोण आणि कुणाला? मी लेकाला म्हटलं, कुणाला तरी लिहू या, पेपरवाल्याला तरी. लेक माझा शहाणा आहे. तो म्हणाला, "आई, कुठं बोलू नको. पोरीचं शेवटचं वर्ष आहे तिथं." म्हणजे बघा. मी माझ्या घरात, नांदेडात, पंख्याखाली बसलेली. ते सरकार कुठल्या कुठं. त्यांनी माझं नाव ऐकलेलं नाही, मला त्यांच्या राजाचं नाव नीट उच्चारता येत नाही. तरी त्यांनी माझं तोंड बंद केलं, आणि तेही माझ्याच लेकाच्या हातानं. मी गप्प बसले. पिठाच्या डब्याला हसायचंही सोडून दिलं.

नातीनं तिथं हळूच विचारून बघितलं होतं. बडी बी कुठं आहे? ज्याला विचारलं तो म्हणाला, अशी कुणी बाई इथं नव्हतीच. भांडी घासायला दुसरी बाई आली होती. तिनं तर भांड्यांतून मान वर केली नाही.

आमच्या गल्लीतही बात थोडीफार फुटलीच. चहाच्या टपरीवर एकानं मामूंना टोचलं, की मामू, तो तर तुमच्याच लोकांचा देश ना, मग तुमच्याच माणसांनी कसं हाकललं? त्याच्या आवाजात कीव कमी आणि मजा जास्त होती. आपल्याकडं सगळं गोडच आहे असं मीही म्हणत नाही. मामूंनी कपातला चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, "हाव. आमचेच होते. म्हणून तर शब्द वळखला. दुसरे असते तर त्यांना कळलं बी नसतं."



यंदाच्या थंडीत मामू गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. चाळीसाव्याला भाभींनी त्यांचीच देग चढवली. मामूंचा पुतण्या त्यांच्याच हाताखाली शिकलेला, त्याच्याकडं चूल होती. सगळी गल्ली होती. नात माझी शिकून परत आलेली आहे, ती होती. इथं परवानगी लागली नाही, कुणी माणसं मोजली नाहीत, मागच्या दारानं कुणी आलं नाही. मी मनात म्हटलं, आज तरी ऐकायला मिळेल.

पुतण्यानं निखारे ओढले. कणीक फोडली. दाराकडं बघितलं. आणि झाकण हळूच बाजूला सरकवलं.

बिचाऱ्याचा दोष नाही हो. त्यानं काकाकडून जे शेवटी बघितलं तेच तो शिकला. त्याला वाटलं असणार, पद्धतच अशी आहे. आम्ही सगळे उभे होतो, एवढी माणसं, आणि कुणाच्याही तोंडातून शब्द निघाला नाही. भाभीसुद्धा खाली बघत होत्या. इतक्या लांबच्या त्या सरकारचा हात आमच्या इतवाऱ्याच्या देगेवर होता आणि तो उचलणारं कुणी नव्हतं. वाफ तेवढी वर गेली.

पहिली प्लेट मी उचलली आणि रस्त्यावर गेले. एक फुगेवाला सायकल ढकलत चालला होता, त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, कशाचं आहे? मी म्हटलं, दोघांच्या चाळीसाव्याचं आहे. एक इथला, एक तिकडचा. त्याला काय कळणार. तो उभ्या उभ्या जेवला.

परत आत आले तर पंगती उठल्या होत्या आणि माझी नात देगेपाशी उकिडवी बसली होती. डॉक्टरीण. नव्या साडीचा पदर खोचून, मुठीत राख घेऊन ती देग घासत होती. पुतण्या म्हणत होता, ताई, राहू द्या, आमची माणसं आहेत. ती ऐकेना. आतून घासली, बाहेरून घासली, पालथी घातली. मग हात धुतले आणि इकडं तिकडं बघत तशीच बसून राहिली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. घरी चल, असं मी तिला म्हटलं नाही.

आता तिचं शिक्षण झालेलं आहे, लेकाला भ्यायचं कारण उरलेलं नाही, म्हणून तुम्हाला एवढं सांगितलं. देशाचं नाव तरीही सांगितलं नाही. बडी बी तिथं असेल तर सुखरूप असू दे.

चला, तुमचा चहा मी पुन्हा गरम करून आणते. पण असं पाच मिनिटांचं येणं मला नको. लवकर या, सवडीनं या, जेवायला या. भाभींना सांगून बगारा खाना करायला लावते. बरोबर कुणाला आणायचं ते आणा, किती जण ते सांगूही नका. फक्त आज आलात तसं कडी न वाजवता हळूच आत येऊन उंबऱ्यापाशी बसू नका. गल्लीच्या टोकापासून मोठ्यानं हाक मारत या.